मोर्चातला दत्ताराम

आईला विचारून काही करायचंच नाही, असं जयवंताने जणू ठरवून टाकलं होतं. पठ्ठ्याने घाटकोपरच्या चाळीची अख्खी मागची भिंत रंगवून काढली आणि रत्नप्रभाबाईंना ते कळलं कधी, तर शेजारची मालन हसत दारात येऊन उभी राहिली तेव्हा.

"जाऊन बघ गं, तुझा नवरा मोर्चाच्या पुढे! संपात तर मागच्या दाराने मिलमध्ये जायचा."

"आणि तुझा पुढच्या दाराने गुत्त्यात!" म्हणत रत्नप्रभाबाई पदर खोचून निघाल्या.

भिंतीवर गिरणगाव चालत होतं. मातकट तांबडी माणसं, सुपाएवढे हात. जयवंताने हे कुठल्याशा पुस्तकातून उचललं होतं. मेक्सिको म्हणून देश आहे, तिथे मोठमोठ्या भिंतींवर कामगार-शेतकरी काढतात, मेलेले नि जिवंत एकाच रांगेत. "ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही इतिहास कळतो, आये," असं तो मागे म्हणाला होता. ते त्यांना झोंबलं होतं.

सगळ्यांच्या पुढे त्यांचा गेलेला नवरा दत्ताराम, मूठ वर.

त्या समोरच्या सावलीत टेकल्या. ऊन भिंतीवर तुपासारखं पसरलं होतं. बघता बघता डोळा लागला आणि भिंत हलली. माणसं चालू लागली, पावलांचा आवाज नाही. सासूबाई होत्या, चिखलातून भाताची रोपं लावत त्याच मोर्चातून पुढे सरकणाऱ्या. वरून कापसाचे तंतू भुरभुरत होते, कुणाच्या केसांवर, कुणाच्या पापण्यांवर. दत्ताराम तेवढा थांबला. भिंतीतून वाकून हळूच म्हणाला, "रत्ने, हात दुखतो गं."

"मग खाली घ्या."

"घेता येत नाही. पोराने रंगवलाय."

संपाच्या त्या साली धाकटी लेक प्रेमा तापाने फणफणली होती. घरात औषधाला पैसा नव्हता, म्हणून दत्ताराम संप मोडून कामावर गेला. पुढे मरेपर्यंत चाळीने त्याला आरतीलासुद्धा हाक मारली नाही.

जाग आली तेव्हा जयवंत शिडीवर चढून त्या मुठीला आणखी रंग देत होता.

"उतर खाली."

"आये, असू दे ना. भिंतीवर राहिलं की लोकांना हेच खरं वाटायला लागतं. बाबांना कुणी नावं ठेवणार नाही."

रत्नप्रभाबाईंनी शिडी धरली. त्यांचा आवाज खणखणीत, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा.

"मला वाचता येत नाही रे, पण खोटं दिसतं. हात खाली घे त्यांचा. जेवणाचा डबा दे हातात आणि मोर्चाच्या उलट चालताना काढ. मान मात्र ताठ ठेव. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठव, मी बघते एकेकाला. बापाला मोठं करायला निघालास आणि बापच पुसून टाकलास. हात तुझा चांगला आहे, जयवंता, पण छाती नाही."