तक्त्याची साफ प्रत

चौदा वर्षांत कागदाने अलका टेंबेला असं कधी फसवलं नव्हतं. गाझियाबादच्या एका बिल्डर कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये ती नव्या वसाहतींचे नकाशे आणि कामांचे तक्ते हाताने काढायची. अठ्ठ्याण्णव साली ऑफिसात संगणक आला आणि एका सकाळी माथुरसाहेबांनी तिला सांगून टाकलं, दुपारच्या मीटिंगपर्यंत संगणकातला प्रकल्पाचा तक्ता छापून दाखवा, जमलं तर प्लॅनिंग विभागात घेतो. नाही जमलं तर काय, ते तिला न सांगताही कळलं.

पण तो प्रिंटर म्हणजे डोक्याला ताप. आधी बावीस पानं आली, त्यातली नऊ कोरी. ती कशासाठी, देव जाणे. सगळं एका पानात बसवावं तर अक्षरं मुंगीएवढी. पडद्यावरच्या कामांच्या लाल, निळ्या, हिरव्या पट्ट्या कागदावर एकजात काळ्या. शेजारी बसणाऱ्या ऑपरेटर चेतनाने खांदे उडवले. "ताई, स्क्रीनवर तर बिल्कुल ठीक दिसतंय," ती म्हणाली. दिसतंय तर छापत का नाही, हे कोडं काही सुटेना. आपलंच डोकं फिरलंय की काय, असं अलकाला वाटू लागलं.

चहा गार झाला तेव्हा कुठे तिला सुचलं. हाताने काढताना आपण रंग कधी वापरले? तिने पट्ट्यांना तिरप्या रेघा, ठिपके, चौकडी दिली, कागद आडवा केला, तक्ता चार पानांवर विभागला आणि कडा चिकटवल्या. अक्षर न् अक्षर लागलं. तिला हसू आवरेना.

कौतुकाने एकेक ओळ वाचत ती एकोणतिसाव्या ओळीवर थबकली. 'ड्रॉइंग सेक्शन बंद, कर्मचारी कार्यमुक्त, एकतीस मार्च.' पुढे तिनेच दिलेली ठसठशीत चौकडी. मग प्लॅनिंगचं काय? तिला काहीच उमगेना. चेतना म्हणाली, फाइल हेड ऑफिसकडून आली, मी वाचलीच नव्हती.

अलका तक्ता घेऊन सरळ साहेबांकडे गेली.

"सर, ये कब से तय है?"

माथुरसाहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "अलकाजी, इतना साफ नहीं चाहिए था."

मीटिंगला सहा प्रती लागणार होत्या. अलकाने त्या काढल्या, कडा जुळवून चिकटवल्या आणि एकही ओळ पुसट येऊ दिली नाही.