तुळजाबाईंनी न ऐकलेलं गाणं

मित्रांनो, माझ्या जाळीत अजून थोडं कुंकू अडकलेलं आहे. मी मंचेरियलच्या कोळसापट्ट्यात लाऊडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या महिपतरावांचा जुना माईक. हैदराबादहून रेल्वेनं आलो तेव्हा कसा लखलखत होतो! पुढे लग्नं झाली, भजनं झाली, निवडणुका झाल्या. जो तो मला टकटक करायचा, थुंकी उडवायचा. आवाज छान आला तर शाबासकी गाणाऱ्याला, अन् शिट्टी वाजली तर सगळे माझ्यावर डाफरणार. असो.

१९९१ ची खांडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते, आणि पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मी झेंडूचा हार घालून पाटावर ऐटीत बसलो होतो. तेवढ्यात देवाजी धापा टाकत आला. हा खाणकामगाराचा मुलगा. त्यानं दोस्तांबरोबर रॉक बँड काढला होता आणि ते स्वतः रचलेली गाणी गात. त्या संध्याकाळी खाणीच्या साहेबलोकांच्या क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम होता आणि तिथला माईक ऐनवेळी बिघडला होता.

"पूजेतली वस्तू उचलत नाई बाप्पा," महिपतराव म्हणाले.

"काका, गिटार वाजन, पन गानं कोनाले ऐकू येईन?"

महिपतरावांच्या पत्नी तुळजाबाई घटाजवळ बसल्या होत्या. त्यांना गाण्याचं भारी वेड. "घेऊन जा ना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माईकची पूजा त गान्यानंच होते. देवी काऊन रागावन?"

"तुमी बी चाला काकू," देवाजी म्हणाला.

"अन् दिवा कोन पाहीन?"

घटाचा अखंड दिवा विझू द्यायचा नव्हता. शेवटी महिपतरावांनीच हात जोडून मला पाटावरून उचललं आणि देवाजीबरोबर निघाले. आम्ही वळणाआड होईपर्यंत तुळजाबाई दारात उभ्या होत्या.

काय सांगू तुम्हाला! ड्रमवर काठी पडली तशी माझी छाती हादरली. देवाजी गायला ते खाणीच्या भोंग्याबद्दल, पाळी सुटायची वाट बघणाऱ्या आयांबद्दल. त्याच्या ओठांना माझं कुंकू लागलं. हाताची घडी घालून बसलेले साहेबलोकही शेवटी उभे राहिले.

घरी आलो तर दिवा तेवत होता. "कसं झालं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"लई मोठ्यानं वाजवते पोट्टे," एवढं बोलून महिपतराव आडवे झाले.

अख्खं गाणं माझ्या पोटात होतं, मित्रांनो. पण माझं काम आवाज घ्यायचं. द्यायचं काम लाऊडस्पीकरच्या भोंग्याचं. तो बँड पुन्हा वाजलाच नाही. देवाजी नोकरीसाठी हैदराबादला गेला, बाकीचे पांगले. मग नवे माईक आले आणि मी फडक्यात गुंडाळला गेलो.

तरी दर खांडेनवमीला तुळजाबाई मला पुसतात, कुंकू लावतात आणि हळूच विचारतात, "कसं गायले रे ते पोट्टे?" तेव्हा जीव नुसता कासावीस होतो.

माईकवर थुंकी उडवू नका, तारा नीट गुंडाळा, हे मी सांगणारच. पण तुमच्या गावात कधी बँड आला, तर दिवा राखायला घरी कोण थांबलंय ते आधी विचारा. आणि एक भोंगा त्या घराकडे तोंड करून लावा.