गाणाऱ्या बाईचं नाव

मुरलीधरच्या अंगात कायदा शिरला तो आयर्लंडच्या नागरिकत्वाचा अर्ज भरला त्या दिवसापासून. अर्जदाराची वर्तणूक चांगली हवी, एवढी एक अट नवऱ्याने वाचली आणि आमच्या घरातलं सुख गेलं. आमच्या डून लेरी गावाच्या रिकाम्या रस्त्यावरही हा माणूस हिरवा दिवा लागेपर्यंत पावसात उभा राहणार, आणि शेजारी मी, दात-ओठ खात. पुण्यात सिग्नल तोडत वाढलेला प्राणी हा!

त्यातच माझा जुना लॅपटॉप शेवटच्या घटका मोजू लागला. तापला की कण्हायचा आणि धाडकन बंद पडायचा. नवा आणला, आणि शनिवारी सकाळी मुरलीधर गाणी हलवायला बसला. विकत घेतलेली गाणी सरळ गेली. जुन्या मशीनवरून खातं काढलं, नव्यावर उघडलं, झालं. सीडींवरून चढवलेलीही गेली, कारण त्या सीड्या आमच्या कपाटात रचलेल्या होत्या. मग तो एका फोल्डरपाशी अडला.

"हे कुठून आलं?"

"अलकनंदाच्या पेन ड्राइव्हवरून."

"आणि तिच्याकडे?"

"मला काय माहीत?"

"मग हे नव्यावर येणार नाही," असं म्हणून त्याने हात झटकले.

अलकनंदा ही माझी डंडॉकची रूममेट. आयर्लंडला आल्यावर आम्ही दोघी त्या गावात शिकायला होतो. पहिल्या हिवाळ्यात दुपार सरायच्या आत अंधार पडायचा आणि मी परतीच्या तिकिटांचे भाव बघत बसायचे. त्या फोल्डरमधलं एक गाणं लावून मी तो हिवाळा काढला. विहिरीवर एकटीच पाणी भरणारी बाई, बाकी त्यात काही नाही. साथीला नुसती पेटी. तिसऱ्या कडव्यात ओळ अर्धी असताना गाणारी मोठ्याने श्वास घेते आणि मग पुढे जाते. त्या श्वासावर माझा फार जीव. फाइलवर नाव होतं सुलेखा बिवलकर. पहिल्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी आणि आईचं ऑपरेशन चालू असताना मला सोबत होती ती सुलेखाताईंची. त्यांना मागे टाकून मी नव्या मशीनवर जाणार नव्हते.

"विकत घेऊ ना," मुरलीधर म्हणाला, आणि खरंच त्या फोल्डरमधली सगळी गाणी त्याने शोधून विकत घेतली. फक्त हे विहिरीचं गाणंच कुठे विकायला नव्हतं. मी स्वयंपाकघर ते खिडकी अशा येरझारा घालायला लागले.

"अरे, आपला लॅपटॉप तपासायला इथला कोणता पोलीस, कोणता गार्डा येणार आहे?"

"कोणी नाही. पण मला माहीत असेल ना."

"हॉस्टेलमध्ये अख्ख्या मजल्याला गाणी वाटायचास, तेव्हा कुठे होती ही अक्कल?"

तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला. मी तो उचलून उघड्या खिडकीत समुद्राच्या वाऱ्यावर धरला. थंड झाल्यावर कसाबसा सुरू झाला.

मुरलीधर जरा नरमला. "आपण बाईंनाच विचारू. त्या हो म्हणाल्या की सगळं ग्रँड, काही प्रश्न नाही."

माझ्या मावशीला रेडिओवर गाणारी प्रत्येक बाई माहीत. सुलेखाताई मिरजेला असतात असं सांगून तिने दुपारपर्यंत नंबरही मिळवून दिला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आयर्लंड? म्हंजे लंडनच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडे, ताई." मग मी एका दमात सगळं सांगितलं. डंडॉक, अंधार, विहीर.

"आणि परवानगी मागायलाय होय माझी? आजवर कुणी विचारलं न्हाई. ऐकवा बघू आधी."

मी गाणं लावलं. तिसऱ्या कडव्यातला तो श्वास आला आणि त्या हसल्या.

"बंद करा. हे मी न्हवं, बाळ."

"म्हणजे?"

"असा मधेच श्वास घेतला असता तर आमच्या मास्तरांनी क्लासातनं उठवलं असतं मला. कुणीतरी माझं नाव चिकटवलंय. बाई कोण, काय ठाऊक. पण जीव ओतून गायलीय हां. माझं नाव तेवढं काढा त्यावरनं. दुसरीच्या गाण्याला मी हो कसं म्हणायचं?"

मी फोन ठेवला. मग मुरलीधरने स्वतःच माउस हातात घेतला. "घेतो मी कॉपी करून. कोण विचारतंय?"

सकाळपासून मी यासाठीच भांडत होते. आता मीच त्याचा हात धरला. "थांब. तिला विचारायचं राहिलंय."

"कोणाला?"

ते सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! कुठल्या गावची, आहे की गेली, काही ठाऊक नाही. तिने मला त्या हिवाळ्यातून बाहेर काढलं आणि मी मनातल्या मनात आभार मानत राहिले ते भलतीचेच. मला एकदम रडू फुटलं.

मुरलीधर हळूच म्हणाला, "हे बघ, तिला शोधायचं तर लोकांना ऐकवायला आवाज लागेल. सापडलेली वस्तू मालक भेटेपर्यंत सांभाळतातच की."

लॅपटॉप पुन्हा कण्हायला लागला होता. मी मुरलीधरचा हात सोडला. फाइल पोचली आणि थोड्याच वेळात जुनं मशीन बंद पडलं. मग ते वाऱ्यावर धरूनही उठलं नाही.

नव्या मशीनवर मी सुलेखा बिवलकर हे नाव पुसलं. तिथे दुसरं लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"मिळालं ना तुझं गाणं?" मुरलीधरने विचारलं.

"मिळालं," मी म्हटलं. "बाई हरवली."