तीन-तीनच्या रांगेत

दक्षिण आफ्रिकेत बोरूसारखी एक वनस्पती उगवते. तिची बी गोल, तपकिरी, खडबडीत असते आणि तिला हरणाच्या लेंडीचा वास येतो. शेणकिडा फसतो, बी ढकलत नेतो, जमिनीत पुरतो. खायला जावं तर दगड. मेहनत किड्याची, वंश झाडाचा. या विषयावर मी सोमवारी मोखाड्यातल्या आमच्या कॉलेजात व्याख्यान देणार होतो. शीर्षक, 'फसणाऱ्यांचं शास्त्र'. मीच सुचवलेलं.

माझ्या विभागातल्या शलाका मॅडमनी सगळे परवाने-शिक्के मिळवून नऊ बिया मागवल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी त्या प्रयोगशाळेत ताटलीत मांडल्या आणि मला मेसेज केला. मी अंगठा पाठवला. मेसेज वाचला नव्हता.

शनिवारी सकाळी खिडकीजवळच्या ताटलीत मला लेंड्या दिसल्या. वासही होताच. प्रयोगशाळा झाडणाऱ्या नवशीची बकरी आवारात चरते, हे सगळ्यांना ठाऊक. मी तिला व्हरांड्यात बोलावून झापायला सुरुवात केली. पहिल्या वर्षाची मुलं तिथेच उभी होती.

"सर, या बकरीच्या नाय," ती म्हणाली.

"मग काय माझ्या आहेत?"

मुलं हसली. विनोद जमल्याचा मला आनंद झाला होता, हेही लिहायला हवं.

"बकरी अशी तीन-तीनच्या रांगेत नाय टाकत, सर. बघा तरी."

मी बघितलं नाही. ताटली मागच्या उकिरड्यावर पालथी केली आणि ऑफिसात सांगितलं, सोमवारपासून हिला बोलावू नका. रोजंदारीवरच्या बाईला काढायला कागद लागत नाही, तोंड पुरतं.

सोमवारी शलाका मॅडम रिकामी ताटली घेऊन आल्या. "सर, बिया कुठे आहेत?"

"कोणत्या बिया?" मी म्हटलं.

झापण्यापेक्षाही मला या दोन शब्दांची जास्त लाज वाटते. कारण तोवर मला कळलेलं होतं.

भिंग घेऊन मी उकिरड्यावर गेलो. तिथे खऱ्या लेंड्याही होत्या. वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून मला त्यांतली एक बी ओळखता येईना. शेवटी कॉलेजामागच्या पाड्यावर गेलो. नवशी ओट्यावर सुपात नागली पाखडत होती.

"नवशी, जरा येतेस का?"

"मला तर बंद केलंय ना?"

"गैरसमज झाला जरा."

"कुणाचा?"

मी फेकलेल्या बियांचं सांगितलं. मग ती आलीच. उकिरड्यावर उकिडवी बसून एकेक गोळी चिमटीत दाबत गेली. "लेंडी दाबली की फुटते. ही फुटत नाय." दहा मिनिटांत मुठीत आठ बिया. नववीच्या जागी मातीत बोटाएवढं भोक होतं.

"किड्यानं नेली असंल," ती म्हणाली.

म्हणजे या प्रकरणात फसलेले आम्ही दोघं, मी आणि तो किडा. त्यातल्या त्यात त्यानं बी पुरली तरी.

मी हात पुढे केला. तिनं मूठ मिटली.

"उद्यापासून ये कामावर," मी घाईनं म्हटलं. "आत्ताच ऑफिसात सांगतो."

"ऑफिसात कोण होतं? तुम्ही ओरडलात व्हरांड्यात. हसणाऱ्या पोरांत माझी योगिता उभी होती. आज आली नाय ती. म्हणते, आता कॉलेजात नाय जायची."

पहिल्या वर्षाच्या हजेरीत योगिता नावाची मुलगी आहे, हे मला माहीत होतं. ती कुणाची, हे विचारायची वेळ आली नव्हती.

व्याख्यान अर्धा तास उशिरा सुरू झालं, तेही व्हरांड्यात. नवशी योगिताला घेऊन आली. योगिता खांबाआड उभी राहिली, नजर जमिनीवर.

"शनिवारी ताटलीत होत्या त्या बिया होत्या," मी म्हणालो. "मी त्यांना लेंड्या समजलो. नवशीताईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्या बिया मीच फेकल्या."

शलाका मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मागून कुणी तरी फिसकन हसलं.

"मोठ्यानं, सर," नवशी म्हणाली. "शनिवारी पार गेटापर्यंत ऐकू गेलं होतं."

मी पुन्हा सांगितलं. गेटापर्यंत.

खांबाआडून योगितानं मान वर केली. मग नवशीनं मूठ उघडली आणि बिया ताटलीत मांडल्या. तीन, तीन, दोन. नववीची जागा तिनं मोकळी ठेवली.