तिसऱ्या गुहेतला गेरू

मारोतराव हुकरे यांनी चौतीस वर्षं कारखान्यात रंगाचा ब्रश चालवला आणि त्या चौतीस वर्षांत एकच शास्त्र शिकले. मोठा माणूस येणार म्हटलं की गेरू-चुना काढायचा. आदल्या दिवशी रस्त्याकडेचे दगड पांढरे झाले पाहिजेत, झाडांचे बुंधे कमरेपर्यंत लाल. मग साहेब गाडीची काच खाली न करता निघून का जाईना. रंग न देता पाहुणा बोलावणं म्हणजे त्याचा अपमान, हे मारोतरावांच्या हाडीमाशी खिळलं होतं. रिटायर झाल्यावर या शास्त्राला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा ते गप्प बसले असते तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

त्यांची एकुलती एक लेक भूमिका रायपूरला पीएचडी करत होती. विषय होता बालोदच्या अलीकडची भालूडोंगरी. उभ्या कड्यात तीन गुहा, हजारो वर्षांपूर्वी माणसं राहिलेली, आणि वर डोंगरमाथ्यावर कुण्या राजाचा पुष्कळ नंतरचा, पडका किल्ला. कारखान्याच्या सेक्टर सहातल्या क्वार्टरमधून दर रविवारी बापलेक स्कूटरवर निघायचे. भूमिका गुहा मोजायची, मारोतराव टेप धरायचे. वर किल्ल्यावर बुरुजाच्या सावलीत बसून दोघं घरून भूमिकेच्या आईनं, कौशल्याबाईंनी, दिलेल्या पोळ्या खायचे. गावातला समारू झुडपं तोडून वाट काढून द्यायचा, त्याच्या हातावरही एक पोळी पडायची.

पहिल्या दोन गुहांत पाहण्यासारखं काही नव्हतं. किल्लेवाल्यांनी तिथे धान्य साठवायला भिंतींना चुना फासला होता आणि त्याखाली जे असेल ते कायमचं गेलं होतं. तिसऱ्या गुहेत जायला कड्याच्या अंगाने हातभर रुंद पायरी, म्हणून ती तेवढी वाचली. तिथे लाल रंगात हरणं होती, हात धरून नाचणारी माणसं होती, आणि खाली एका लहान मुलाच्या पंजाचा ठसा. गावच्या बाया वर्षातून एकदा तिथे दिवा लावायच्या.

"हे गेरूनंच काढलं आहे बाबा," भूमिका पहिल्या दिवशी म्हणाली होती. "पन हात नका लावू. याचाच तुकडा तपासाले जाईन."

गेरू म्हटल्यावर मारोतरावांना उगाच अभिमान वाटला. धंदाबंधू निघाले की ते.

तीन वर्षं अशी गेली. मग भूमिकेच्या गाइड मॅडम स्वतः गुहा पाहायला येणार असं ठरलं. पोरीची झोप उडाली. "मॅडमले पटलं तं झालं," ती आईला म्हणाली, "नाही तं तीन वर्षं पान्यात." मारोतरावांनी ते ऐकलं, आणि त्यांच्यातला चौतीस वर्षांचा पेंटर जागा झाला. मॅडम येणार म्हणजे व्हिजिट, आणि भिंत तर पार विटलेली. एका हरणाचे मागचे पाय नाहीत, नाचणाऱ्यांतले दोघं ओळखूच येत नाहीत. असं दाखवायचं का पाहुण्यांना?

गुरुवारी ते एकटेच गेले. समारूनं खालच्या नाल्यातून पाणी आणून दिलं. मारोतरावांनी गेरू भिजवला, धुपू नये म्हणून त्यात डिंक घातला आणि बारीक ब्रशनं दिवसभर एकेक रेघ गिरवली. लेकीचा शब्द त्यांनी पाळला, भिंतीला हात म्हणून लावला नाही. हरणाला पाय दिले. पंजावर तर त्यांनी श्वास रोखून काम केलं. एवढं मन लावून त्यांनी मंत्र्याच्या येण्यालाही कधी रंगवलं नव्हतं. घरी मात्र काही बोलले नाहीत. पोरीला तिथेच आनंदाचा धक्का द्यायचा होता.

रविवारी मॅडम आल्या. बिलासपूरच्या बाई, मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पायरीवरून त्या भिंतीला धरून धरून आत गेल्या, मागून भूमिका, मग मारोतराव आणि समारू. मारोतराव हसत उभे होते. मॅडमनी बोट भिंतीवर हलकेच फिरवलं आणि डोळ्यांसमोर धरलं.

"ये तो इसी हफ़्ते का है," त्या म्हणाल्या. "गोंद की बास आ रही है अभी."

भूमिका खाली बसली. रडली नाही. तिनं हरणाच्या मागच्या पायांकडे पाहिलं. शेवटाला ब्रश उचलून घेतलेली ती निमुळती रेघ तिनं लहानपणापासून बापानं काढून दिलेल्या शाळेच्या चार्टवर पाहिली होती. तिनं मान वर करून बापाकडे बघितलं, आणि मारोतरावांचं हसू ओठांवरच विरलं. काय करायला गेलो आणि काय होऊन बसलं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"धोकर निकल जाएगा?" भूमिकेनं विचारलं.

"धोओगी तो नीचे का असली भी जाएगा." मॅडम दमल्यासारख्या वाटल्या. "चलो, तुम्हारे पुराने फ़ोटो हैं. उन पर थीसिस खड़ी हो सकती है, लिख देंगे कि बाद में गाँववालों ने बिगाड़ दिया. गाँववाले हैं इसलिए बच गईं. घर का कोई होता, तो मैं तुम्हारे एक फ़ोटो पर भरोसा न करती. कहती, वो भी रंगवाकर ही खींचे होंगे."

मारोतरावांनी घसा खाकरला. माणूस खोटा नव्हता. जन्मात कुणाचा अर्धा डबा रंग त्यांनी घरी नेला नव्हता. "मॅडमजी," त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, गप रहा." भूमिका मराठीत म्हणाली, आवाज न चढवता. "तुमी खरं बोलाल तं मी खोटी पडीन."

मारोतराव एक पाऊल मागे सरले.

मॅडम समारूकडे वळल्या. "किसने किया ये? तुम तो यहीं रहते हो."

समारूनं मारोतरावांकडे पाहिलं. तो वाट पाहत होता. पाणी त्यानं वाहून आणलं होतं, सगळं त्याला ठाऊक होतं. मारोतराव गुहेच्या तोंडाबाहेर किल्ल्याच्या दिशेनं बघत राहिले, जणू तिकडे कुणी हाक मारत होतं. लाज वाटत होती, पण नजर वळवायची हिंमत होत नव्हती.

"लइका मन करिन होही, मैडम," समारूनं शेवटी पोरासोरांवर ढकललं.

मॅडमनी तिथेच भूमिकेला रिपोर्ट सांगितला आणि तिनं लिहून घेतला. गावच्या पोरांनी नासधूस केली, गुहेला जाळी ठोकावी, गाववाल्यांना आत सोडू नये. उतरताना मारोतरावांनी समारूला पोळ्यांचा डबा पुढे केला. त्यानं घेतला नाही.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये पानं वाढली. कौशल्याबाई दिवसभर देवापाशी बसल्या होत्या. "काय म्हने मॅडम?" त्यांनी विचारलं.

"कोनीतरी भिंत रंगवून ठेवली, आई. फोटोवर काम चालवा लागते आता."

कौशल्याबाईंचा हात पळीवरच थांबला. पोरीच्या तीन वर्षांचा हिशेब त्या माउलीला कुणी सांगायला नको होता. "ज्यानं केलं त्याचे हात झडो," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या ताटात भात वाढला. "तुमी कावून जेवून नाही राहिले?"

मारोतरावांनी लेकीकडे पाहिलं. तिनं भांडावं, शिव्या घालाव्यात, आईला सगळं सांगून टाकावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"राहू दे आई," भूमिका वरणात भात कालवत म्हणाली. "कोन्या अडान्याचं काम होतं. त्याले काय समजते."