वाकलेल्या चाकाची सायकल

मित्रांनो, पेडण्यात दीपाच्या घरी कधी आलात, तर मागच्या पडवीत नारळाच्या सोडणांशेजारी मी टेकवून ठेवलेली दिसेन. मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. माझे पुढचे चाक वाकले आहे, चेनीवर गंज चढला आहे आणि दुपारी माझ्या हँडलवर कोंबडी येऊन बसते.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. एक गोरा पाहुणा मला मोरजीच्या किनाऱ्यावर घेऊन आला आणि हंगाम संपल्यावर तिथेच टाकून गेला. तिथून मला दीपाच्या नवऱ्याने, गौरेशने, घरी आणले. तो कारखान्यात कामाला होता. त्याने माझा गंज खरवडला, चाकांत नव्या तारा भरल्या, टायर बदलले. बायकोपेक्षा सायकलीचीच काळजी जास्त, असे दीपा म्हणायची. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी जुन्या साडीच्या तुकड्याने मला पुसायची तीच.

पहाटे आम्ही मोपाच्या पठारावर जायचो. सोबत गौरेशचा मित्र प्रथमेश असायचा. पाव विकणारा पोदेर गावात फिरू लागेपर्यंत आम्ही परतलेलो असायचो. प्रथमेश वयाने लहान, पण वेगाने सरस. दोघे ज्या ज्या शर्यतीत उतरले, त्या प्रत्येक शर्यतीत तो पहिला आणि गौरेश दुसरा. गौरेश हसून त्याची पाठ थोपटायचा. घरी आल्यावर मात्र मला भिंतीला टेकवून तो माझ्या सीटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहायचा.

त्या मे महिन्यात डिचोलीतल्या एका क्रीडा मंडळाने बाजाराभोवती शर्यत ठेवली. अशा शर्यतीत लांब कुठे जायचे नसते. त्याच वाटोळ्या रस्त्यावर फेऱ्यांमागून फेऱ्या मारायच्या, आणि शेवटची फेरी जो आधी पुरी करील तो जिंकला. ऊन उतरल्यावर संध्याकाळी ती सुरू व्हायची होती. पण प्रमुख पाहुण्यांना पुढे फोंड्याला दुसरा कार्यक्रम होता, म्हणून मंडळाने ऐनवेळी ती उन्हातच उरकायला घेतली. त्या सकाळी गौरेशच्या अंगात कसर होती. पेज वाढताना दीपाने त्याच्या कपाळाला हात लावला आणि जाऊ नको म्हणाली. संध्याकाळपर्यंत उतरेल, असे सांगून तो मला घेऊन निघाला.

डांबर मऊ झाले होते. माझे टायर त्याला चिकटत होते. तरी गौरेश सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे निघाला, आणि पुढेच राहिला. बाजारातले लोक त्याच्या नावाने टाळ्या वाजवत होते. त्याचा घाम माझ्या दांडीवर टपटपत होता. मग काही फेऱ्यांनी थेंब पडायचे थांबले. त्याचे तळवे कोरडे पडले आणि तव्यासारखे तापले. बाटली भरलेली असून तो पाणी पीत नव्हता. वळणावर मला सरळ धरणेही त्याला जमेना.

प्रथमेश मागून जवळ आला आणि पाणी पी म्हणाला. गौरेशने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो पुटपुटला, "दीपा, दार उघड गो. भायर खूप गरम जाता."

प्रथमेशचा चेहरा उतरला. पुढच्या वळणावर मंडळाचे गोकुळदास झेंडा घेऊन उभे होते. गौरेश बरळतोय, त्याला थांबवा, असे प्रथमेशने त्यांना ओरडून सांगितले. गोकुळदासांनी हातानेच पुढे जा अशी खूण केली. पहिल्या नंबरावर असलेल्या माणसाला कोण थांबवणार?

शेवटच्या फेरीत प्रथमेश आमच्या बरोबरीला आला. तो सहज पुढे जाऊ शकला असता. त्याने ब्रेक दाबला आणि गौरेशच्या कमरेला हाताने विळखा घातला. आम्ही सगळेच आडवे झालो. माझे चाक वाकले, प्रथमेशच्या खांद्याचे हाड मोडले. लोक धावले ते त्यालाच मारायला. तो एका हाताने गौरेशला सावलीत ओढत होता आणि बर्फ मागत होता. मासे विकणाऱ्या गंगाने काही न विचारता आपली पेटी गौरेशवर रिकामी केली. बर्फाबरोबर बांगडेही त्याच्या छातीवर पडले.

रुग्णवाहिकेला शर्यतीसाठी लावलेले अडथळे हटवून आत यावे लागले. गौरेशने दुसऱ्या दिवशी इस्पितळात प्राण सोडला. तो शुद्धीवर आलाच नाही.

गावात एकच गोष्ट पसरली, की हरायची पाळी आली म्हणून प्रथमेशने त्याला पाडले. खांदा बांधलेला प्रथमेश भेटायला आला, तेव्हा दीपाने त्याच्या तोंडावर दार लावले.

दिवसकार्य उरकल्यावर ती डॉक्टरांना भेटून आली. पडवीत बसून तिने सासूला, चंद्रभागाबाईंना, सारे सांगितले, म्हणून मलाही कळले. गौरेश पडल्याने गेला नव्हता, उष्माघाताने गेला होता. त्याला थांबवले आणि बर्फ लावला ते बरोबरच होते, पण ते काही फेऱ्या आधी व्हायला हवे होते. चंद्रभागाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या.

पुढे एकदा प्रथमेश मागच्या वाटेने खाली मान घालून जात होता. दीपाने त्याला हाक मारली. तो पडवीत येऊन उभा राहिला. मग दीपाने विचारले, "खांदो अजून दुखता?"

तो खाली बसला आणि रडू लागला. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. जाताना त्याने माझे चाक सरळ करून आणू का म्हणून विचारले. ती नको म्हणाली.

तेव्हापासून मी इथेच आहे. मित्रांनो, आपल्या सायकलीला वेळच्या वेळी तेल द्या, उन्हापावसात टाकू नका. पण त्याआधी तुमच्या बरोबर धावणाऱ्या माणसाकडे पाहा. उन्हात त्याचा घाम थांबला, तो भलतेच बोलू लागला, तर तो कितवा आहे ते विचारू नका. कोणी थांबवील म्हणून वाट पाहू नका. त्याला धरा. पडलात तरी चालेल.