पिवळ्या कापडावरचा लाल डाग

कोहमाऱ्याच्या चौकातून हायवे सोडून थोडं आत गेलं, की टिनाच्या एका शेडपुढे गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. ऑटोमागून ऑटो येत. प्रत्येकात एखादं लेकरू असायचं आणि ते कुठे ना कुठे खाजवत असायचं. कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे, मानेवर.

शेडमध्ये लेपवाले महाराज बसत. समोर आणलेल्या लेकराच्या हातावरून ते एक पिवळं कापड फिरवत आणि बघता बघता ते कापड लालभडक होई. बायका हात जोडत. मग महाराज त्या डागावर लिंबू पिळत आणि लाल पुन्हा पिवळं होई.

"देखा? विष निकल गया," महाराज सांगत. "ये चमडी की बीमारी नहीं, माई. नजर आहे. जळणाऱ्या माणसाची आग लेकराच्या अंगावर फुटते. डॉक्टर काय पाहतो? चमडी. आम्ही आग पाहतो."

आग पाहून झाली, की पांढऱ्या लेपाची एक डबी मिळे. लेपात काय आहे असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "श्रद्धा."

नीतू त्या रांगेत हिमांशूला कडेवर घेऊन उभी होती. तिची श्रद्धा वगैरे काही नव्हती. तिला इथवर आणलं होतं हेव्यानं.

कुडव्याच्या त्यांच्या घरात दोन जावा. थोरली दुर्गेश्वरी, धाकटी नीतू. थोरलीचा टिंकू आणि धाकटीचा हिमांशू, दोघंही अंगणवाडीच्या वयाचे, दोघांनाही एक्झिमा. सासू जमुनाबाई त्याला नुसतं खाज म्हणायची. दोघी मिळून पोरांना गोंदियाला त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेल्या होत्या. मॅडमनी घाई न करता समजावलं होतं.

"या मुलांची त्वचा सैल विणलेल्या टोपलीसारखी असते. आतला ओलावा निघून जातो आणि बाहेरचं त्रासदायक आत शिरतं. म्हणून कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ घाला. उटणं, बेसन घासू नका. टॉवेलनं नुसतं टिपा आणि अंग ओलसर असतानाच हे मॉइश्चरायझर भरपूर लावा, चट्टे नसले तरी. चट्टे उठले तर ही दुसरी ट्यूब, पण मी सांगेन तितकेच दिवस. आजार मुळापासून काढायचं औषध माझ्याकडे नाही. तो काबूत ठेवता येतो. बऱ्याच मुलांचा वाढत्या वयात कमी होतो."

काबूत हा शब्द दुर्गेश्वरीला पटला नाही. तिला बरं हा शब्द हवा होता. तो कोहमाऱ्याला मिळत होता.

तिथला लेप लावला आणि आठवड्याभरात टिंकूची कातडी केळीच्या कोवळ्या पानासारखी झाली. दुर्गेश्वरी त्याला बिनबाह्यांची बनियन घालून ओसरीवर बसवायची. शेजारच्या निर्मलाबाई, सुशिलाबाई येऊन त्याच्या दंडावरून हात फिरवायच्या. नीतू ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. तिचा हिमांशू बरेच दिवस शांत झोपे आणि मग एखाद्या दिवशी खाजवून मान लाल करून घेई. ती नखं कापायची, सुती कपडे घालायची, ट्यूब सांगितल्याप्रमाणेच लावायची. तिचं करणं बघायला कोणी येत नव्हतं.

"डॉक्टरच्या नादी लागून पोट्ट्याचे हाल करून राहिली," जमुनाबाई तिला ऐकू जाईल असं म्हणायची.

एकदा टिंकूच्या पाठीवर हात फिरवताना नीतूच्या मनात आलं, याला पुन्हा चट्टे उठावेत, एकदा तरी. चटका बसल्यासारखा तिनं हात काढून घेतला.

पुढच्या गुरुवारी दुर्गेश्वरी कोहमाऱ्याहून आली ती तोंड पाडूनच.

"महाराज म्हणून राहिले, नजर घरातलीच आहे. जिचं लेकरू बरं होत नाही, तिची."

त्या दिवसापासून जमुनाबाईनं टिंकूला नीतूच्या हातचं खाऊ दिलं नाही. नीतू भांडली असती. पण भांडायला तोंड कुठून आणायचं? तिला वाटलं, महाराजांनी आपल्या मनातलंच ओळखलं. नवरा उमेंद्र म्हणाला, "एकदा जाऊन ये. घरात शांती तरी राहीन." म्हणून ती सासू आणि जावेसोबत आली होती.

शेडबाहेर शुद्धीच्या पाण्याचा ड्रम होता. महाराजांपुढे जाण्याआधी लेकराचे हात त्या पाण्यानं धुवायचे, पुसायचे नाहीत. जमुनाबाईनं हिमांशूचे हात धुतले आणि तो कळवळला.

"आई, चुरचुरते."

नीतूनं ड्रममध्ये बोटं बुडवली. पाणी बुळबुळीत लागलं, धुण्याच्या सोड्यासारखं.

महाराजांनी कापड फिरवलं. हिमांशूच्या हातावर ते गर्द लाल झालं.

"इतका लाल मी पाहिला नाही," महाराज म्हणाले. "याची माय कोण? बेटी, खरं सांग. घरात कोणावर जळतेस?"

दुर्गेश्वरी नीतूकडे पाहत होती.

"हो," नीतू म्हणाली. "दीदीवर."

लोक कुजबुजले. महाराजांनी डोळे मिटले. "कबूल केलं. आता ऐका. अमावस्येपर्यंत हिला माहेरी ठेवा. दोन्ही लेकरांना हिची सावली नको."

जमुनाबाईनं हिमांशूला आपल्याकडे ओढलं. नीतूचं सगळ्यांपासून लपवलेलं आता बोलून झालं होतं, लपवायला काहीच उरलं नव्हतं. तिची नजर महाराजांच्या हातातल्या कापडावर गेली. असला लाल रंग तिनं आधी पाहिला होता. स्वतःच्या लग्नातली हळदीची साडी धुताना साबण लावल्याबरोबर डाग असाच लाल झाला होता.

"ते कापड द्या, महाराज."

"विष है उसमें."

"माझंच विष आहे ना? मग मलेच द्या."

तिनं कापड ओढून घेतलं, एक पिवळा कोपरा शोधला आणि जमुनाबाईच्या ओल्या हातावर घासला. कोपरा लाल झाला.

"माय, तुम्ही कोणावर जळता?"

"मी कायले जळू?" जमुनाबाई गोंधळली. "मी तं पोट्ट्याचे हात धुतले फक्त."

"त्याच पाण्यानं."

नीतू बाहेर गेली आणि उरलेलं कापड सरळ ड्रममध्ये बुडवलं. ते निथळत वर आलं तेव्हा सगळंच लाल होतं.

"आता हा ड्रम कोणावर जळते?"

मागे कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"हळदीचं कापड आहे," नीतू म्हणाली. "हळदीले साबण, सोडा, चुना लागला तर लाल होते. लिंबू पिळलं का परत पिवळी. लग्नाचे कपडे धुताना आपण सगळ्यांनीच पाह्यलं आहे."

महाराज म्हणाले, अविश्वासी लोकांसमोर देवी रुसते. असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

पण दुर्गेश्वरी जागची हलली नाही. "कापडाचं खोटं असन. माह्या टिंकूची कातडी साफ झाली, ते तं खोटं नाही ना?"

नीतूनं हिमांशूला पुन्हा कडेवर घेतलं आणि ती ऑटोकडे वळली. तिला माहेरी पाठवायचा विषय मात्र घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरचे काही गुरुवार शेड बंद राहिली. घरातली डबी तळाला गेली, तसा दुर्गेश्वरीनं लेप पुरवून पुरवून लावला आणि मग बोटाला लागेल इतकाच राहिला. लेप थांबला आणि टिंकूच्या अंगावर पूर्वी कधी नव्हतं इतकं उठलं. पाठ, मान, पाय लाल, जागोजागी पाणी सुटलेलं. गाल सुजल्यासारखे गोल झाले होते. कोपराच्या घडीतली कातडी इतकी पातळ, की खालच्या निळ्या शिरा दिसत होत्या.

नीतूनं ते दारातून पाहिलं. आधी तिच्या मनात आलं, आता बसवा ओसरीवर. मग टिंकूनं रडत तिच्याकडे हात पसरले. तिनं त्याला उचलून घेतलं.

"दीदी, चला मॅडमकडे. डबीही घ्या सोबत."

मॅडमनी टिंकूला तपासलं आणि डबी हुंगली. "कापराचा वास वरवरचा आहे. आत कडक स्टेरॉइड असावं. त्याच्या त्वचेवरून आणि चेहऱ्यावरून तसंच दिसतंय. लेप तपासायला पाठवू या." पुढे तपासणीत तेच निघालं. मॅडमनी रीतसर तक्रार केली आणि शेडला कायमचं कुलूप लागलं.

त्या दिवशी मात्र दुर्गेश्वरी भांडणाच्या सुरात म्हणाली, "मग तुम्ही नीतूले ट्यूब देल्ली, त्यात काय आहे?"

"त्यातही स्टेरॉइडच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण सौम्य. किती लावायचं, किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं, हे सांगून दिलेलं. औषध वाईट नसतं, ताई. नाव लपवून दिलेलं औषध वाईट. टिंकूलाही आता तसंच औषध देते, पण ते लेपासारखं एकदम बंद नाही करायचं, हळूहळू उतरवू. वेळ लागेल."

वेळ लागलाच. बरेच महिने गेले. आता सकाळी दोघी जावा अंगणात आपापल्या पोराला टिपून मॉइश्चरायझर लावत बसतात. जमुनाबाई पाणी कोमट आहे का ते कोपर बुडवून पाहते.

अशाच एका सकाळी दुर्गेश्वरी खाली मान घालून म्हणाली, "हिमांशूची कातडी पाहून काल माहा जीव जळला. वाटलं, यालेही एक चट्टा उठावा."

नीतूचा हात थांबला. "मलेही वाटलं होतं. टिंकूबद्दल. तेव्हा."

दुर्गेश्वरीनं वर पाहिलं. "म्हणजे नजर लागत असती तं?"

"तं या दोघांच्या अंगावर कातडीच राहिली नसती."

दोघी हसल्या. पोरं कंटाळून पळायला बघत होती, त्यांना धरून दोघींनी राहिलेलं अंग पुरं केलं.

हेवा कोणाच्या मनात येत नाही? पण तो कोणाच्या कातडीत शिरत नाही आणि कापडावरही उतरत नाही. त्याचा धाक घालून घरं फोडणारे मात्र जागोजागी बसलेले असतात. अशा माणसानं डबी पुढे केली, की एवढंच विचारा, यात काय आहे. त्यानं सांगितलं नाही, तर लेकरू उचला आणि डॉक्टरकडे जा.